खाली उपाशी, वर ओथंबलेली : एका साडेतीनशे सीसी इंजिनाच्या कार्ब्युरेटरचं प्रकरण

“काका, आता जेट बदला म्हणायचीसुद्धा भीती वाटते,” गाडी स्टँडला लावता लावता मालक म्हणाला. भीतीला कारण होतं. वर्षभरात त्या कार्ब्युरेटरमध्ये तीन मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारे छिद्राचे पितळी स्क्रू) बसवून झाले होते आणि दर बदलानंतर एक तक्रार कमी होऊन दुसरी वाढली होती.

गाडी एक सिलेंडरची, चार स्ट्रोकची, हवेवर थंड होणारी, साडेतीनशे सीसीची. त्यावर २८ मिलिमीटरचा गोल स्लाइडचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग; थ्रॉटलची मूठ फिरवली की त्यातली स्लाइड वर-खाली होऊन हवेची वाट उघडते-मिटते. मालकाने तिच्यात दोन बदल केले होते. मूळ सायलेन्सर काढून कमी अडथळ्याचा मोकळा सायलेन्सर लावला होता, आणि एअर फिल्टरचा डबाच काढून कार्ब्युरेटरच्या तोंडाला थेट फोमचा शंकू बसवला होता. इंजिनाला श्वास मोकळा मिळाला की ताकद वाढेल, असा हिशेब. हिशेब सरसकट चुकीचा नाही. पण हवा वाढली की त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोलही वाढावं लागतं, आणि तेही थ्रॉटलच्या प्रत्येक टप्प्यावर. इथे ते एकाच टप्प्यावर वाढवलं गेलं होतं.

तक्रारी मी एकेक करून लिहून घेतल्या. थंड इंजिन एका किकला चालू व्हायचं. गरम झालं की आयडलिंगची रेस आपोआप चढायची; थ्रॉटल सोडला तरी दोन-तीन सेकंद वरच रेंगाळायची आणि मग एकदम पडायची. आयडलिंगवरून थ्रॉटल हलका उघडला की गाडी क्षणभर गोता खायची. उतारावर थ्रॉटल बंद केला की सायलेन्सरमधून फटाके. पूर्ण थ्रॉटलला मात्र आवाज घोगरा, मागे काळा धूर आणि ओढ नाही. ॲव्हरेज उतरलेलं. प्लग काढला तर मऊ काजळीने भरलेला.

आधी दोन जणांनी गाडी पाहिली होती. पहिल्याने फटाके ऐकले, म्हणाला पेट्रोल कमी पडतंय, आणि मूळचा ११० नंबरचा मेन जेट काढून आधी ११५, मग १२० घातला. दुसऱ्याने काळा प्लग पाहिला, म्हणाला पेट्रोल जास्त होतंय, आणि स्लाइडला लटकून पेट्रोलची वाट कमी-जास्त करणाऱ्या सुईची क्लिप एक खाच वर घेऊन सुई खाली उतरवली. दोघांनी जे पाहिलं ते खरंच होतं. ही गाडी खालच्या थ्रॉटलला उपाशी होती आणि वरच्या थ्रॉटलला ओथंबत होती, दोन्ही एकाच वेळी. पेट्रोल कमी की जास्त, या प्रश्नाला तिच्याकडे एक उत्तर नव्हतंच.

थ्रॉटलवरच्या खुणा

स्लाइडच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे मार्ग वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं राज्य वेगळ्या टप्प्यावर चालतं. आयडलिंगपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू. पावाच्या आसपास स्लाइडच्या खालच्या कडेला फिल्टरच्या बाजूने जो तिरका काप असतो, त्याचा प्रभाव. पाव ते पाऊण सुई आणि तिच्याभोवतीचा नीडल जेट. पाऊणच्या पुढे पूर्ण उघडेपर्यंत मेन जेट. हे टप्पे एकमेकांत मिसळलेले असतात, पण दोष कुठे शोधायचा हे सांगायला एवढी विभागणी पुरते. पाव थ्रॉटलला गोता खाणाऱ्या गाडीचा मेन जेट कितीही मोठा केला तरी गोता जात नाही, कारण त्या टप्प्यावर पेट्रोलला मेन जेट अडवतच नसतो. त्याला अडवते सुई आणि नीडल जेट यांच्यामधली बारीक फट.

म्हणून पहिलं काम टेपचं. थ्रॉटलच्या मुठीवर पांढऱ्या टेपची पट्टी लावली आणि तिच्यावर पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा पेनाने खुणा केल्या. समोर स्विचच्या डबीवर एक उभी रेघ. माणसाला वाटतं आपण अर्धा थ्रॉटल देतोय, आणि खुणेवर पाहावं तर पावही उघडलेला नसतो. रोजच्या चालवण्यात हात बहुतेक वेळ पाव आणि अर्ध्याच्या मध्येच असतो. ही पट्टी लावली की गाडीची भाषा कळायला लागते.

खुणा लावून एक फेरी मारली. पावाच्या आत : गोता, रेस रेंगाळते, उपाशी. अर्ध्यावर : बरी, थोडी कोरडी (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). पाऊणच्या पुढे : घोगरी, ओली (पेट्रोल जास्त), जड. पूर्ण थ्रॉटलला एक जुनी परीक्षा करता येते. मूठ पूर्ण उघडलेली असताना किंचित मागे घ्यायची. गाडी जरा पुढे झेपावली तर मेन जेट छोटा आहे, अडखळली तर मोठा आहे, नुसती हलकी मंदावली तर जवळपास बरोबर आहे. ही अडखळली.

कार्ब्युरेटर उघडायच्या आधी

इथे सगळ्यांची घाई होते, आणि माझा आग्रह असा की इथेच थांबावं. ज्या इंजिनाचे वाल्व नीट मिटत नाहीत किंवा ठिणगी वेळेवर पडत नाही, त्याचा कार्ब्युरेटर लावणं म्हणजे वाकड्या भिंतीवर खिडकी सरळ बसवणं. जेट बदलून तो दोष झाकला जातो, जात नाही.

टॅपेट, म्हणजे वाल्वच्या टोकाजवळची फट, पाहिले. इनटेकचा आवळलेला निघाला, ०.१० मिलिमीटर फट हवी तिथे ०.०५ ची फीलर पट्टीही शिरेना. तो लावून घेतला. ठिणगीचं टायमिंग स्ट्रोब दिव्याने तपासलं, ठीक. कॉम्प्रेशन ठीक. सायलेन्सरच्या शेपटीवर कापडाचा बोळा क्षणभर दाबून धरला तर हेडजवळच्या जोडातून फुसफुस ऐकू आली. नवा सायलेन्सर बसवताना तिथलं जुनंच, चेपलेलं गॅस्केट परत लावलं होतं. फटाक्यांचा एक हिस्सा तिथला. थ्रॉटल बंद असताना सायलेन्सरमधल्या लाटांमुळे त्या फटीतून बाहेरची ताजी हवा आत ओढली जाते, न जळलेल्या वाफेला भेटते आणि तापलेल्या नळीत भडका उडतो. हा आवाज ऐकून कार्ब्युरेटरला दोष देणं फार सोपं आहे.

मग हवेची गळती. गरम झाल्यावर चढणारी आणि रेंगाळणारी रेस हे तिचं ठळक लक्षण. इंजिन आयडलिंगला ठेवून कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरी मॅनिफोल्डच्या कडेकडेने कार्ब्युरेटर क्लीनरचे अगदी छोटे फवारे मारले. हा द्रव पेट घेतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत, हाताशी अग्निशामक ठेवूनच करायचं. गळती असेल तर तो फवारा आत ओढला जातो आणि रेस बदलते. काही बदललं नाही. दोनदा मारला, तीनदा मारला, रेस तशीच.

तेवढ्यात लक्ष गेलं ते मागे लोंबणाऱ्या शंकूकडे. मूळ रचनेत कार्ब्युरेटरला दोन आधार असतात, पुढे मॅनिफोल्ड आणि मागे फिल्टरचा डबा. डबा काढला की कार्ब्युरेटर आणि फिल्टरचं सगळं वजन एकट्या पुढच्या रबरावर येतं, आणि एक सिलेंडरची थरथर त्या वजनाला दिवसभर झुलवत राहते. मी फिल्टर तळहाताने थोडा वर उचलला : रेस खाली आली. सोडला : चढली. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. आता सोडलेल्या स्थितीत रबराच्या खालच्या बाजूला फवारा मारला आणि इंजिनाचा आवाज तत्क्षणी बदलला.

मॅनिफोल्ड काढून हातात घेतला तर काही दिसेना. वरून काळं, गुळगुळीत, जवळजवळ नवं रबर. अंगठ्यावर ठेवून वाकवलं तेव्हा खालच्या बाजूला, धातूच्या चकतीला रबर चिकटवलेलं असतं त्या कडेला, नखाएवढी लांब चीर ओठ उघडावेत तशी उघडली. सोडलं की मिटली. आतली कड पांढुरकी पडली होती, म्हणजे चीर कालपरवाची नव्हती. थंड रबर ताठ असतं, तेव्हा ती मिटलेली. रबर तापून मऊ झालं, वजनाने झुकलं, की उघडणार.

या चिरेने अर्ध्या तक्रारी समजावून सांगितल्या. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना इंजिन आत जोराने ओढत असतं आणि स्लाइडखालून येणारी हवा अगदी थोडी असते. तेव्हा चिरेतून आलेली हवा त्या थोड्या हवेच्या मानाने खूप असते आणि मिश्रण कोरडं पडतं. थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमधली ओढ जवळपास संपते, मोठ्या तोंडाने हवा धो धो येते, आणि चिरेतून काही आलंच तरी जाणवत नाही. म्हणून गाडी खाली उपाशी. पहिल्या कारागिराने या उपासावर उतारा म्हणून मेन जेट वाढवला, आणि त्याचं पेट्रोल जिथे उपास नव्हताच तिथे जाऊन पडलं.

वाटीतली पातळी आणि खोटा आकडा

नवा मॅनिफोल्ड आणि नवं गॅस्केट लावल्यावर रेस स्थिर झाली. आता कार्ब्युरेटर उघडला. उघडण्याआधी मात्र एक माप घेतलं, आणि हे माप लोक वगळतात याचं मला फार वाईट वाटतं.

विल्हेल्म मायबाखने १८९३ मध्ये फवाऱ्याचा कार्ब्युरेटर आणला, तेव्हापासून तत्त्व बदललेलं नाही. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब उतरतो, आणि कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतलं पेट्रोल बारीक छिद्रातून वर चढून हवेत फवारलं जातं. पेट्रोलला किती वर चढायचं आहे ते वाटीतली पातळी ठरवते. पातळी दोन-तीन मिलिमीटरनी वर असेल तर सगळेच मार्ग जास्त पेट्रोल देतात, आणि मग आपण जेट बदलत बसतो. आधी पातळी, मग जेट. हा क्रम उलटा करून चालत नाही.

वाटीच्या तळाच्या निचऱ्याच्या नळीला पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, तो वाटीच्या अंगाला लावून वर धरला, निचऱ्याचा स्क्रू सोडला आणि इंजिन चालू केलं. नळीत पेट्रोल जिथे थांबतं तीच आतली पातळी. या कार्ब्युरेटरला ती वाटीच्या जोडाखाली ३ मिलिमीटर हवी होती. ती बरोबर जोडाच्या रेघेवर होती. फ्लोटची सुई, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी वेगळी सुई, काढून भिंगाखाली धरली तर तिच्या रबरी टोकावर गोल घळ पडलेली. सीटवर आपटून आपटून झालेली. नवी सुई बसवली, फ्लोटची पत्ती अगदी किंचित वाकवून पातळी लावली, पुन्हा नळी लावून खात्री केली.

नंतर जेट. मेन जेटच्या डोक्यावर १२० कोरलेलं. या कार्ब्युरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे छिद्राचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. सगळ्याच कंपन्यांचं तसं नसतं. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा प्रवाहावरून ठरतो, केहिनच्या जेटवरचा व्यासावरून, म्हणून एकाचा १२० आणि दुसऱ्याचा १२० एकच समजू नयेत. मी मापाच्या पिना काढल्या. १.२० ची पिन सैल, आरपार घरंगळली. १.२५ ची अलगद बसली. १.३० ची अडली. उजेडाकडे धरून पाहिलं तर छिद्राची कड दातेरी, एका बाजूला पितळेचा कोंब. कुणीतरी तो हाताने ड्रिल मारून मोठा केला होता.

व्यासातला फरक डोळ्याला किरकोळ वाटतो, पण पेट्रोल जातं ते क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. ११० वरून १२५ म्हणजे क्षेत्रफळ २९ टक्क्यांनी जास्त. काळ्या धुराला दुसरं कारण शोधायची गरज नव्हती. शिवाय जेटच्या छिद्राचं तोंड कारखान्यात ठरावीक उतार देऊन घडवलेलं असतं. हाताने ड्रिल मारलेल्या जेटमधून व्यासाच्या हिशेबाने पेट्रोल येईल याचीही खात्री नाही. जेटमध्ये तारसुद्धा घालू नये असं मी शिकवतो. पितळ मऊ असतं आणि तारेचा एक ओरखडा कायमचा राहतो. क्लीनर आणि हवेचा झोत, बस.

जेट बसवताना

सगळं मूळ मापावर आणलं : मेन जेट ११०, पायलट ३५, सुईची क्लिप वरून तिसऱ्या खाचेत. मोकळा सायलेन्सर आणि शंकू तसेच. आता जे दिसेल ते खरोखर त्या दोन बदलांमुळे असेल, मधल्या दुरुस्त्यांमुळे नसेल.

मी मेन जेटपासून सुरू करतो. वरचं टोक पक्कं झालं की खालचे टप्पे त्याला जुळवून घेता येतात, आणि पूर्ण थ्रॉटलला इतर मार्गांची लुडबुड सगळ्यात कमी असते. रहदारी नसलेला सरळ, सपाट रस्ता, तीच वेळ, तोच चालवणारा, तिसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल, ताशी ६० ते ८५ किलोमीटरपर्यंत लागणारा वेळ. प्रत्येक जेटला तीन फेऱ्या आणि त्यांची सरासरी. ११० ला ७.४ सेकंद, आणि मूठ किंचित मागे घेतली की गाडी झेपावायची, म्हणजे कोरडी. ११५ ला ६.९. ११८ ला ६.८. १२२ ला ७.० आणि आवाज जड व्हायला लागला. ११८ ठेवला. मुद्दाम तो ड्रिल मारलेला जेटही एकदा घालून पाहिला : ७.७. मालक मागे बसून घड्याळ धरत होता. तो आकडा त्याने स्वतः वहीत लिहिला आणि बराच वेळ बोलला नाही.

११५ आणि ११८ मध्ये फरक एका दशांशाचा. मग मोठा का घेतला? पेट्रोल पूर्ण जळायला हवेचं प्रमाण वजनाने १४.७ ला १ लागतं, पण सगळ्यात जास्त ताकद १२.५ ते १३ ला १ च्या आसपास, म्हणजे थोड्या ओल्या मिश्रणावर मिळते. त्याच्या कोरड्या बाजूला ताकद घटते आणि उष्णता वाढते, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलची उष्णता महाग पडते. त्यातून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर त्याच जेटवर मिश्रण आणखी कोरडं होतं, कारण इथेनॉलला पूर्ण जळायला ९ ला १ एवढीच हवा लागते. शुद्ध पेट्रोलच्या काळातले मूळ जेट अशा इंधनावर आधीच काठावर असतात. एका दशांशासाठी मी त्या काठावर उभा राहत नाही. ज्याच्याकडे वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (सायलेन्सरच्या धुरावरून मिश्रणाचं प्रमाण सांगणारा) आहे त्याने तो जरूर लावावा. मग अंदाजाचं काम उरत नाही. या सायलेन्सरला तो बसवायची जागा नव्हती, म्हणून घड्याळ आणि प्लग.

प्लगची परीक्षाही नीट करायला हवी. नवा प्लग, पूर्ण थ्रॉटलला काही सेकंद धाव, मग त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद, आणि गाडी घरंगळत थांबवायची. आयडलिंगला आणून बंद केली तर प्लग आयडलिंगची गोष्ट सांगतो. आधीच्या दुसऱ्या कारागिराने पाहिलेला काळा प्लग असाच दारात येऊन उभ्या राहिलेल्या गाडीचा होता. या वेळी चिनीमातीच्या अगदी तळाशी फिकट तपकिरी धुरकट कडं दिसलं, वरचा भाग स्वच्छ. बरोबर.

पायलटचं काम गरम इंजिनावर, जागेवरच. या कार्ब्युरेटरचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे, म्हणजे तो हवेचा : आत घेतला की मिश्रण ओलं होतं. इंजिनाच्या बाजूला असता तर पेट्रोलचा समजायचा आणि दिशा उलटी. हे न पाहता फिरवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. सगळ्यात चढी, सगळ्यात सरळ रेस कुठे मिळते ते शोधलं तर स्क्रू फक्त पाव आटा, म्हणजे पाव फेरा, बाहेर. अर्ध्या आट्याच्या आतच समाधान होत असेल तर पायलट जेट छोटा आहे असा त्याचा अर्थ. ३८ चा घातला. आता सर्वोत्तम जागा दीड आटा बाहेर मिळाली, दोन्ही बाजूंना फिरवायला वाव ठेवून. उतारावरचे फटाके जवळपास गेले. एखादा बारीक टपटपाट राहिला. मोकळ्या सायलेन्सरला तेवढा राहतो, आणि तो घालवायला पायलट आणखी मोठा करणं मला पटत नाही.

राहिली सुई, आणि खरा वेळ इथे गेला. गोता पुष्कळ कमी झाला होता, पण पावाच्या जरा पुढे मूठ झटक्यात उघडली की एक बारीक अडखळ यायची. क्लिप चौथ्या खाचेत घेतली, म्हणजे सुई वर उचलली. अडखळ गेली, पण अर्ध्या थ्रॉटलला स्थिर चालताना गाडी जड, ओली, गुरगुरणारी झाली. तिसऱ्या खाचेत कोरडी, चौथ्यात ओली. अशा वेळी काही जण स्लाइडच्या कापाला कानस लावतात. तो काप वाढला की मिश्रण कोरडं होतं, आणि इथे तर ओलं हवं होतं. शिवाय घासलेलं पितळ परत भरता येत नाही. मी स्लाइडला कधीच कानस लावत नाही. क्लिप तिसऱ्याच खाचेत ठेवून तिच्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर सरकवला. अर्धी खाच मिळाली. पाव थ्रॉटलवरून गाडी एका सुरात उचलली गेली, आणि मागे बसलेल्या मालकाचा हात माझ्या खांद्यावर घट्ट झाला.

डबा परत

काम इथे संपायला हरकत नव्हती. पण शंकू काढून धुवायला घेतला तेव्हा त्याच्या आतला फोम ओला लागला आणि पेट्रोलचा वास आला. काही ठरावीक रेसला, इनटेक वाल्व मिटताना, आत चाललेली हवा लाटेसारखी उलटून कार्ब्युरेटरच्या तोंडाबाहेर येते. जाताना पेट्रोल घेतलेलं, उलट येताना पुन्हा घेते, आणि परत आत ओढली जाताना तिसऱ्यांदा. त्या पट्ट्यात मिश्रण जेटने ठरवल्यापेक्षा ओलं होतं आणि कुठल्याही सुईने ते सरळ होत नाही. अंगापुरता शंकू ही फवार बाहेर सांडतो. डब्यातल्या मोठ्या, स्थिर हवेत ती लाट विरते. शंकू सिलेंडरच्या मागेच असल्याने इंजिनावरून आलेली तापलेली हवा ओढतो आणि आडव्या वाऱ्यातही बिचकतो, ते वेगळंच.

मी मालकाला म्हटलं, जुना डबा असेल तर उद्या घेऊन ये. त्याने तो जपून ठेवला होता. नवा कागदी फिल्टर घालून डबा बसवला, सायलेन्सर मोकळाच ठेवला, आणि जेट पुन्हा शोधले. मेन ११२ वर थांबला. पायलट ३८ तोच. सुईखालचा वॉशर काढावा लागला. त्याच रस्त्यावर ६० ते ८५ ला ६.९ सेकंद, म्हणजे शंकूपेक्षा एक दशांश मागे. मग दुसरं माप घेतलं, वरच्या गिअरमध्ये ४० ते ६० : शंकूवर ६.१, डब्यावर ५.६.

दोन्ही आकडे मालकासमोर ठेवले आणि निवड त्याच्यावर सोडली. माझं मत मी लपवलं नाही. गिअर न बदलता पुढच्या गाडीला ओलांडता येणं ही रस्त्यावरची ताकद, आणि ती या इंजिनाला डब्यासकट जास्त मिळत होती. तो डब्यावर राहिला. त्यामुळे कार्ब्युरेटरला मागचा आधार परत मिळाला आणि नव्या रबरावरचं ओझं उतरलं.

सहा आठवड्यांनी तो टॅपेट तपासायला आला. मॅनिफोल्ड काढून वाकवून पाहिला, कुठे चीर नाही. पारदर्शक नळी लावली, पातळी जोडाखाली ३ मिलिमीटर. मुठीवरची टेप मळून काळी झाली होती तरी त्याने काढली नव्हती. सीटखाली प्लास्टिकच्या पाकिटात मी लिहून दिलेला कागद होता : मेन ११२, पायलट ३८, क्लिप तिसरी, वॉशर नाही, हवेचा स्क्रू दीड आटा, पातळी ३ मिमी. खाली त्याने आपल्या अक्षरात एक ओळ वाढवली होती, त्या दिवशीची तारीख आणि सकाळचं तापमान.